हातसडीचा भात

आई, हे पत्र तुला मिळणार नाही, आणि मिळालं असतं तरी तुला वाचता आलं नसतं. तरी उद्याच्या आधी हे तुलाच सांगायला हवं. हातसडीचा तांदूळ पुन्हा मानाला आला आहे. गिरणीत तांदळाचा कस जातो, असं डॉक्टर सांगतात. ज्यांच्या पडवीत तू कांडायचीस त्या वकिलीणबाई परवा शाळेत आल्या आणि मला चक्क ‘मास्तरीणबाई’ म्हणाल्या. उद्या बायकांच्या सभेत मी हातसडीवर बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, “तुझी आई हातसडीच्या लाल भातावर कशी ठणठणीत होती, ते सांग हो. म्हणजे पटेल सगळ्यांना.”

ठणठणीत! कांडून कांडून तुझे खांदे वर होत नव्हते, तुझा अंबाडा मी बांधायची. गावात गिरणी आली त्या वर्षीचा तो दिवस मला अजून दिसतो. तू मुसळ घेऊन त्यांच्या पडवीत उभी आहेस आणि त्या म्हणतात, “आता नको हो येऊस. लाल भात पाहुण्यांपुढे वाढायला लाज वाटते.” निघताना त्यांनी तुझ्या पदरात गिरणीचा तांदूळ घातला. खाडीपलीकडे आपल्या भाट्याला परतताना होडीत तू चिडशील म्हणून मी वाट बघत होते. तू मात्र पदर उघडून म्हणालीस, “बघ गो बाय, मोगऱ्याच्या कळ्याच जशा!” घरी तो शिजवलास आणि नुसत्या मिठाशी जेवलीस. “एवढा मऊ भात जन्मात खाल्ला नाही गो.”

“आणि उद्यापासून काम?” मी विचारलं.

“उद्या मासळी सुकवायला जाईन. आज जेव.”

डॉक्टरांचं खरं आहे, मी पुस्तकात वाचून खात्री केली. पण भाषण लिहिताना तुझ्यापाशी आले की लेखणी थांबते. शेजारची काकू कालच बजावून गेली, “नीट बोल हो बाय, आम्हाला कांडप मिळेल.” तुला लाल भात आवडायचा असं म्हटलं, तर काकूसारख्यांची चूल पेटेल. तरी मी ते म्हणणार नाही. कोंड्यातला कस सांगेन, तुझे खांदे सांगेन, आणि एका उखळाशी दोघी बायका ठेवा, एवढं मागेन. वकिलीणबाई रागावल्या तर रागावोत.

भाषण लिहून झालं. चुलीवर भात आहे, गिरणीचाच. मलाही तोच आवडतो. हे मात्र उद्या मी कोणालाच सांगणार नाही.