सातवी पोफळ

आबा,

काल बागेत जाऊन आले. नगरपालिकेनं पुन्हा गावभर खजिन्याचा शोध ठेवलाय, शाळेतल्या मुलांसाठी, आणि त्यांच्या बाईंना कुणीतरी सांगितलं की बागेची सगळी कुंडली गावात एकाच म्हातारीला ठाऊक आहे. झालं! सकाळी नऊला वीस-बावीस पोरं माझ्या ओट्यावर हजर. "आजी, बागेचा इतिहास सांगा, आम्हाला तयारी करायचीय." मी म्हटलं, इतिहास घरात बसून कसला सांगू, चला. गुडघे कुरकुरले, पण गेले. फाटकाजवळचा दगड दाखवला, विहीर दाखवली, रहाट आता नाही तर त्याची जागा दाखवली, आणि शेवटी पाटाच्या कडेची काकूंची पोफळींची रांग. "मोजा," म्हटलं. पोरांनी मोजल्या. बारा. तुमची इतकी आठवण आली, आबा, की पोरांकडे पाठ करून मी पदरानं चष्मा पुसत बसले. म्हणून रात्रभर मनात घोळवून आज हे लिहायला घेतलंय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हाही कागद आला की मीच वाचून दाखवायची. आताही लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतेय. शेजारीण म्हणत असेल, म्हातारीला लागलं वेड.

पोरांना मी पहिल्यापासून सांगितलं. स्वातंत्र्य मिळालं त्या साली वाडीवाल्या काकूंनी आपली वाडी गावाला दिली. मूलबाळ नाही, माणूस गेलेला, म्हणाल्या, माझ्यामागे भाऊबंदांनी भांडण्यापेक्षा गावातल्या पोरांना खेळायला होऊ दे. वाडीबरोबर विहीर आली, रहाट आला, बैल आला आणि तुम्ही आलात. काल काकूंचे गडी होतात ते आज नगरपालिकेचे माळी झालात, एवढाच काय तो फरक. काम तेच. बैल रहाट फिरवतोय, लोटे भरून वर येतायत, पाणी पाटानं धावतंय आणि तुम्ही धोतराचा काचा मारून एकेका झाडाच्या बुंध्याभोवतीचं आळं भरत चालला आहात. अजून डोळ्यांपुढे दिसतं. काकूंनी ऐन जवानीत स्वतः उभं राहून ती बारा पोफळींची रांग लावून घेतली होती, आणि आळी खणली होती तुम्ही, तेव्हा तुम्हाला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यातल्या तीन पुढे गेल्या. दुसरी पहिल्या झेंडावंदनाला काठी हवी म्हणून गावानं मागितली, ती काकूंनी हसत दिली. चौथी वादळात आडवी झाली. पाचवी शेंड्यातून कुजली. उरल्या नऊ. पण तुम्ही ती तीन रिकामी आळी कधी मोडली नाहीत. दर वर्षी त्यांचे काठ बांधायचात, आणि शिंपताना त्यांनाही पाणी द्यायचात! घाटावरून बदलून आलेले ओव्हरसियर साहेब हसायचे, म्हणायचे, "काय हो, मातीलाच तहान लागली काय?" तुम्ही म्हणायचात, "साहेब, रोपं द्या, लावतो." रोपं काही आली नाहीत, आणि तुमचं पाणी काही थांबलं नाही.

एकदा मी आणि माझ्या वर्गातली डॉक्टरांची मुलगी पोफळीच्या गळून पडलेल्या विरीवर, झावळीच्या त्या रुंद देठावर, बसून एकमेकींना ओढत होतो. विरी गेली घसरत आणि चौथ्या आळ्याचा काठ फुटला. तुम्ही कधी आवाज चढवला नव्हतात, त्या दिवशी काय ओरडलात! "डोलं फुटलं काय गो? कोनाची जागा हाय ती?" मी म्हटलं, कुणाचीच नाही, रिकामी तर आहे. तुम्ही मला हाताला धरून खाली बसवलंत आणि माझ्याकडूनच तो काठ पुन्हा थापून घेतलात. "झाड गेला, जागा न्हाय गेली," एवढंच म्हणालात. मी मुसमुसत चिखल थापत होते आणि मनात म्हणत होते, आमचा बा वेडा आहे.

सातवीच्या वर्षी आईनं मावशीला शब्द दिला. मावशी मुंबईला, पदरात तीन लहान पोरं, मदतीला कुणी नाही. परीक्षा झाली की पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीनं मला धाडायचं ठरलं. आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापता थापता सांगत होती, आणि तुम्ही सुकटीची चटणी बोटानं चाळवत खाली मान घालून बसला होतात. "मास्तरीण व्हायचंय म्हणे तिला," आई म्हणाली, "आणि पोरांना काय मास्तर सांभाळणार?" तुम्ही एवढंच म्हणालात, "हुशार हाय गो पोर." आई म्हणाली, "हुशार आहे म्हणूनच तर सांभाळील." हायस्कूल आपल्या आवाक्यातलं नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसले होते, पण अक्षर दिसत नव्हतं.

आणि नेमका तेव्हा तो खजिना आला. शिमग्याच्या आधी नगरपालिकेनं गावातल्या सगळ्या सातवीच्या मुलांसाठी शोध ठेवला. ओव्हरसियर साहेब गावभर चिठ्ठ्या लपवणार, एका चिठ्ठीत पुढच्या जागेचं कोडं, सगळी कोडी गावाच्या इतिहासावरची, आणि शेवटी बागेत पुरलेला पितळी तांब्या. तांब्या ज्याच्या हाती लागेल, त्याचं हायस्कुलातलं पुढचं सगळं शिक्षण नगरपालिका करणार. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. शाळा सुटल्यावर घरी न जाता मी धावत बागेत आले, तुम्ही बैल सोडत होतात. मी म्हटलं, आबा, मला सगळं सांगा. बागेतला दगड न् दगड सांगा. तुम्ही बैलाच्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "चल, फाटकापासून धरू."

पुढचे पंधरा दिवस आपली शाळा बागेत भरली. रोज संध्याकाळी तासभर. फाटकाच्या दगडावर काय कोरलंय ते मी वाचायची आणि काय कोरलं नाही ते तुम्ही सांगायचात. विहिरीला किती वर्षं लागली, कातळ कुठे लागला, बांधाचे चिरे कुठून गलबतानं बंदरात आले आणि तिथून बैलगाडीनं इथे. डॉक्टरांची मुलगीही यायला लागली. मला राग आला. तिला काय गरज, ती हायस्कुलात जाणारच होती! पण तुम्ही तिला हाकललं नाहीत. जे मला तेच तिला. रांगेपाशी नेऊन दोघींनाही बजावलंत, "झाडां मोजू नका. आळी मोजा. बारा खणली व्हती मी, काकूंच्या देखत." आम्ही मोजली. दुसरं रिकामं, चौथं रिकामं, पाचवं रिकामं, सातवीवर कुणीतरी कोयत्यानं केलेली जुनी खूण. तुम्ही पुन्हा पुन्हा मोजून घेतलंत.

शोधाच्या दोन दिवस आधी दुपारी मी तुमची भाकरी घेऊन आले होते. तुम्ही विहिरीत उतरून लोट्यांची दोरी बांधत होतात. ओव्हरसियर साहेब एकटेच रांगेतून चालत होते, हातातल्या छत्रीचं टोक एकेका खोडाला लावत, ओठांनी काहीतरी पुटपुटत. मी भाकरी विहिरीच्या काठावर ठेवली आणि घरी गेले.

तो दिवस मला अजून सबंध आठवतो. जकातीच्या नाक्यावरून देवळाकडे, देवळातून वाचनालयात, वाचनालयातून बंदरावर, तिथून बागेच्या फाटकाशी. बाकीची पोरं बंदरावरच अडकली. फाटकाच्या दगडामागची शेवटची चिठ्ठी माझ्या आणि डॉक्टरांच्या मुलीच्या हाती एकदमच लागली. "काकूंनी लावलेल्या रांगेत विहिरीकडून सातवी. तिच्या पायाशी खण." आम्ही दोघी सुटलो. तुम्ही रहाट थांबवून उभे होतात, बैलाची वेसण हातात, तोंडभर हसू. सातवी! तुमच्या लेकीला सातवी विचारली होती! डॉक्टरांची मुलगी आळी मोजत गेली, कोयत्याच्या खुणेपाशी गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागली. मी तिच्या पुढे आणखी तीन झाडं गेले. दहावीपाशी. उभ्या पोफळी मोजल्या तर ती सातवी. वीतभर खणलं आणि तांब्याचा काठ बोटाला लागला.

ताशे वाजले, लोक धावत आले, साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुम्ही मात्र आधी डॉक्टरांच्या मुलीपाशी गेलात. तिची नखं मातीनं भरली होती, डोळे भरले होते. तुम्ही हळूच म्हणालात, "तुझा बरोबर व्हता, बाय." मी ते ऐकलं. मग तुम्ही साहेबांकडे पाहिलंत, माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलंत, आणि गप्प बसलात. आबा, एका आळ्यासाठी साहेबांशी हुज्जत घालणारे तुम्ही! दोन शब्द बोलला असतात तर सगळं उलटंपालटं झालं असतं. बोलला नाहीत. तीही पोर बिचारी काही बोलली नाही. फ्रॉकला हात पुसून घरी गेली.

संध्याकाळी ओट्यावर बसून तुम्ही विचारलंत, "मदली तीन आळी ध्यानात न्हाय आली गो?" मी म्हटलं, "विसरले." तुम्ही मांडीवर थाप मारून इतके हसलात की आई बाहेर आली. "विसरलीस तो बरा झाला! अगो, पोर विसरली म्हनून जिंकली!" आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली, मग म्हणाली, "मावशीला कार्ड लिही, येत नाही म्हणून." हसून झाल्यावर तुम्ही बागेच्या दिशेला पाहिलंत. म्हणालात, "माझीच चूक. रिकामी ठेवली जागा, पोर कशी ध्यानात ठेवील?"

मग शिमगा झाला, परीक्षा झाली, आणि मे महिन्यात एका सकाळी तुम्ही चालत श्रीवर्धनला गेलात. तिथल्या ओळखीच्या वाडीतून तीन पोफळीची रोपं टोपलीत घालून, ओला गोणता पांघरून, डोक्यावरून घेऊन आलात. नगरपालिकेची वाट पाहून दमला होतात. दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या आळ्यात लावलीत. मी रोप सरळ धरलं होतं, तुम्ही माती दाबत होतात. "आता कोन विसरतो बघू," असं माझ्याकडे बघून, डोळे मिचकावून म्हणालात. माझ्या हातातलं रोप हललं, तुम्ही म्हणालात, नीट धर. त्याच आठवड्यात शेवटची बोट मुंबईला गेली. बंदरावरून तिचा भोंगा ऐकू आला, आणि मी तुमच्यामागे पाटात पाय सोडून बसले होते.

जूनमध्ये तुम्ही धुतलेलं धोतर नेसून मला हायस्कुलाच्या दारात नेलंत. हेडमास्तरांनी विचारलं, मुलगी पुढे काय करणार? तुम्ही म्हणालात, "पोरांना मोजायला शिकवील." तसंच झालं, आबा. तीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या पगारावर आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तुमचा दमा सांभाळला, घरावर कौलं आली. आणि मावशीची पोरं सुट्टीत आपल्याकडेच यायची, हायस्कुलाची पुस्तकं घेऊन, माझ्याकडे शिकायला. हे सगळं तुमचं देणं आहे. मी हे तुम्हाला कधी तोंडावर म्हटलं नाही, आपल्याकडे कोण म्हणतं? आता म्हणते. तुम्ही त्या दिवशी साहेबांपुढे गप्प राहिलात म्हणून मी शिकले. ज्या माणसानं रिकाम्या आळ्याला वर्षानुवर्षं पाणी घातलं, त्यानं पोरीसाठी ती आळी एका क्षणात सोडून दिली. माझं काळीज भरून येतं, आबा, अजून येतं.

शेवटच्या दुखण्यातही जो कुणी भेटायला येईल त्याला तुम्ही तीच गोष्ट सांगायचात. खोकत, हसत, "माझी पोर विसरली म्हनून शिकली." मी उशाशी बसून काढा ढवळत असायची. तुमच्यामागून आलेल्या माळ्यांनीही तुमचीच रीत धरली. झाड गेलं की त्याच आळ्यात नवं. म्हणून काल पोरांची बेरीज बारा आली.

पोरांना मी हे सगळं सांगितलं, तांब्यासकट. त्यांच्यात एक दोन वेण्यांची चुरचुरीत मुलगी होती. ती काही केल्या पुढे सरकेना. म्हणाली, "आजी, तुमच्या आबांनी इतकं शिकवलं होतं, मग तुम्ही दहाव्या झाडापाशी कशा गेलात?" सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "विसरले होते गं." आणि तिला पटलं नाही, आबा. तिच्या तोंडावर दिसत होतं. तुम्हाला मात्र पटलं होतं. इतकं पटलं की तुम्ही त्यापायी श्रीवर्धनला चालत गेलात.

हे पत्र कुठे टाकणार? वाचून झालं, आता चार घड्या घालून त्या तांब्यात ठेवीन, तो अजून देवघरात आहे. पण घड्या घालायच्या आधी एवढं लिहिते. मी विसरले नव्हते. त्या दुपारी साहेबांची छत्री मी पहिल्या झाडापासून शेवटपर्यंत पाहिली होती, आणि ती तुमच्या रिकाम्या आळ्यांपाशी एकदाही थांबली नव्हती.