खुंट्यांमधलं अंतर

३ ऑगस्ट

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझा गुडघा आणि वहिनींचं पथ्य दोन्ही ताळ्यावर आहेत, असं धरून चालते.

गेल्या महिन्यात सातवीच्या मुलांकडून पत्र्याच्या ट्रेमध्ये डोंगर करवून घेतला. खाली चिकणमाती, वर भुसभुशीत माती, पायथ्याशी काड्यापेट्यांची घरं. झारीनं पाणी घालत राहिलो. बराच वेळ काहीच होईना. मग वर एक बारीक भेग पडली आणि बघता बघता अख्खा उतार घरांवर आला. मुलांनी टाळ्या पिटल्या. शिंप्याची मुलगी तेवढी मागं वळून टेकडीकडे बघत होती. शाळेमागच्या टेकडीवर अशीच भेग आहे, ती आपण का मोजत नाही, असं तिनं विचारलं.

मोजायला गेलो. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या. दर सोमवारी मुलं टेप लावतात. पहिल्यांदा अंतर एकतीस सेंटिमीटर होतं, आज चौतीस भरलं. प्रयोगशाळेचं दार हल्ली लागत नाही. तू जन्मभर दगडांशी संसार केलास असं वहिनी म्हणतात, तर तूच सांग, हे घाबरण्यासारखं आहे का?

लोभ आहेच, या खेपेला तो लवकर उत्तर देऊन दाखव.

तुझी,
धाकटी

८ ऑगस्ट

चि. धाकटीस,

अ. उ. आ. पत्र वाचून तुझी वहिनी हसली. लहानपणी विहिरीत भूत आहे म्हणून तू सगळी आळी गोळा केली होतीस, त्याची तिला आठवण झाली.

मुलांच्या हातातला टेप म्हणजे रबर. खुंट्यांना कुणाचा पाय लागला असेल, बकरीनं शिंग घासलं असेल. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दारं अडकतात. शाळेची जागा सुरक्षित असल्याचा आमच्याच भूगर्भ खात्याचा दाखला आहे. मुख्याध्यापकांच्या मागे लागू नकोस, नोकरी कायम व्हायची आहे तुझी.

मोजमाप मात्र चालू ठेव, मुलांना सवय चांगली.

आशीर्वाद नेहमीचेच,
दादा

१७ ऑगस्ट

ती. दादास,

सा. न. वि. वि. आज एकेचाळीस. मी स्वतः टेप धरला होता, दादा, रबर नव्हे.

पायथ्याच्या झऱ्याला गढूळ पाणी येतंय. मुख्याध्यापकांना तीनदा सांगितलं. मी मुलांच्या डोक्यात भीती भरते असं म्हणाले आणि शिपायाकरवी खुंट्या उपटून टाकायला लावल्या. मुलींनी डब्याच्या सुट्टीत त्या पुन्हा त्याच भोकांत ठोकल्या. शिंप्याचं घर टेकडीला टेकूनच आहे. त्याच्याकडे गेले, हात जोडले. तो मशीनवर गणवेश शिवत होता. शाळेच्या फलकावर दाखला लावलाय, साहेबाची सही आहे, मग मी कशाला हलू, असं म्हणाला.

म्हणून फलकाजवळ गेले. सही तुझी आहे. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट, अगदी तशीच.

रागावत नाही मी. एकच सांग, तू टेकडी चढला होतास ना?

धाकटी

२० ऑगस्ट

चि. धाकटीस,

अ. उ. आ. नाही. चढलो नव्हतो.

त्या दिवशी तीन जागा बघायच्या होत्या. तुझ्या वहिनीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. गाडीतून उतरलो, खालूनच वर बघितलं. गवत हिरवंगार होतं. जुना दाखला समोर ठेवून नवा लिहिला. वर भेग तेव्हा होती की नव्हती, हे मला आता कधीच कळणार नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच ती न चढलेली टेकडी मला आठवली होती. भुताचा विनोद मी त्याच्यावर पांघरूण म्हणून घातला.

दाखला रद्द करा असं आज लेखी दिलं. फाइल बघू म्हणाले. बघेपर्यंत ती टेकडी थांबणार नाही. रविवारी येतो. सोमवारी फाटकात उभा राहीन. तोवर मुलांना त्या इमारतीत बसवू नकोस, मेमो मिळाला तर मिळू दे. हे पत्र ज्याला दाखवावंसं वाटेल त्याला दाखव.

दादा

९ सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. तू गेल्यावर इथं काय काय झालं ते तुला तुकड्या-तुकड्यांनी कळलं असेल. सगळं एकदा लिहिते.

तू फाटक अडवलंस, पालकांच्या शिव्या खाल्ल्यास, पोलिसांसमोर स्वतःचाच दाखला खोटा म्हणालास, म्हणून शाळा बाजारातल्या गोदामात हलली. पुढचे नऊ दिवस काहीच घडलं नाही. लोक मला येता-जाता विचारायचे, बाई, डोंगर कधी पडणार? दूधवाल्यानं दूध बंद केलं. एका संध्याकाळी माझ्या मनात आलं की पडावा एकदाचा. त्या विचाराची मला अजून शिसारी येते.

गेल्या बुधवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी तो खाली आला. चार वर्ग, प्रयोगशाळा, मैदानाचा अर्धा भाग गेला. गोदामातली दोनशे सहा मुलं मी तीनदा मोजली. सगळी होती.

शिंपी घरात होता. तू दोनदा त्याच्या दारात गेला होतास. एकदा सही केलीत, आता पुसायला आलात, उद्या परत कराल, असं त्यानं तुला ऐकवलं होतं. तो ढिगाऱ्याखाली मशीनसकट सापडला.

चौकशीचे अधिकारी आले. तुझं वीस तारखेचं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. दाखव असं तू लिहिलं होतंस, तरी त्याआधी ते दोनदा पर्समध्ये परत ठेवलं होतं. तुझी नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल. मला क्षमा करू नकोस, मी चूक केलेली नाही.

शिंप्याची मुलगी माझ्याकडे राहते. आई नाही, मामा दिवाळं निघाल्यासारखा हात वर करून गेला. सही कुणाची होती, असं तिनं विचारलं. माझ्या भावाची, म्हणून सांगितलं. चार दिवस ती माझ्याकडे पाठ करून जेवली. आज सकाळी वेणी घालून घेताना म्हणाली की तिला तुला भेटायचंय. काय बोलायचंय ते मला सांगत नाही.

गुडघा दुखत असेल तरी ये. चौकशीच्या तारखेआधी ये. माझा लोभ तसाच आहे, तिच्याकडून काय मिळेल ते मला माहीत नाही.

तुझी,
धाकटी