रेंजचं वळण

आई, तुझी पोरांच्या वजनांची वही अजून माझ्याकडे आहे. अंगणवाडी सुटल्यावर तू ती चुलीपाशी बसून भरायचीस. तव्यावरची भाकरी उलटायची, बोटं लुगड्याला पुसायची आणि पुढचं नाव लिहायचं. पानांवर नाचणीच्या पिठाचे ठसे अजून दिसतात. एका महिन्याचं पान मात्र कोरं आहे. ज्या दिवशी वही साहेबांकडे पोचवायची होती, त्याच दिवशी तू वरच्या पाड्यावरची एक आजारी पोर कडेवर घेतलीस आणि जव्हारच्या दवाखान्यात निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चारचौघांत तुझी खरडपट्टी काढली. मी दहावीत होते, तुझ्याबरोबर आले होते, आणि मला तुझीच लाज वाटली. परतताना एसटीत मी म्हटलं, "आधी वही दिली असतीस तर काय बिघडलं असतं?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "वही काय, उद्या बी जाईल. ती पोर उद्यापर्यंत पुरायची नव्हती, बाय." मी तोंड फुगवून बसले. शिकलेली होते ना मी!

तू गेल्यावर दहा वर्षांनी मला तुझंच काम मिळालं, फक्त ऐटीतलं. पाड्यापाड्यावर मुलांची वजनं घ्यायची आणि त्याच दिवशी इंटरनेटवरून वरच्या ऑफिसला पाठवायची. दिमतीला जीप, लॅपटॉप आणि त्याला वायरने जोडलेला मोबाइल. रेंज मिळायची ती मोखाड्याच्या रस्त्यावर, घाटातल्या एकाच वळणावर. तिथे मी मोबाइल जीपच्या टपावर ठेवायचे आणि ड्रायव्हरकाका विडी ओढत विचारायचे, "काय मॅडम, पावला का देव?" लॅपटॉपला धक्के बसू नयेत म्हणून तो मागच्या सीटवर तुझ्या गोधडीत गुंडाळलेला असायचा.

एका दुपारी एका पाड्यावर दोन वर्षांची मुलगी वजनकाट्याच्या झोळीत ठेवली. झोळी जड झाल्यासारखी वाटलीच नाही. असं मूल सापडलं की लाल फॉर्म पाठवायचा, मग वरून गाडी येते, असा नियम होता. मुलीच्या आईला मी म्हटलं, "निरोप पाठवते, गाडी येईल." आणि जीप दवाखान्याच्या उलट दिशेला, वळणाकडे न्यायला लावली. फॉर्म अर्धा जातो आणि अडकतो. पुन्हा पहिल्यापासून. काका म्हणतात, "मॅडम, येवढ्यात पोरीला आपणच नेली असती ना." मी म्हणते, "फॉर्मशिवाय तिथे कोण विचारणार?" हे मला कुणी सांगितलं होतं, आठवत नाही. दोन तासांनी पडद्यावर 'यशस्वी' असं हिरव्या अक्षरांत उमटलं आणि मला, आई, आनंद झाला. पाड्यावर परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. मुलगी आईच्या मांडीवर होती, तोंडावर पदर टाकलेला. "गाडी नाय आली," एवढंच ती बाई म्हणाली. मी आमच्या जीपला टेकून उभी होते.

पुढच्या बैठकीत वेळेत फॉर्म पाठवल्याबद्दल माझं नाव घेतलं गेलं. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

आता त्या पाड्यावरही रेंज आहे. लाल फॉर्म मिनिटात जातो, आणि पाठवायला लाल फॉर्म अजूनही असतातच. वर ते कोण वाचतं, देव जाणे. यातून काही सुधारेल असं मला आता वाटत नाही. तरी रोज जाते, कारण दुसरं काही येत नाही.

हे तुझ्या वहीतल्या त्या कोऱ्या पानावर लिहिते आहे. पाठवायचं कुठेच नाही. फक्त एक राहिलं, ते काकांनाही ठाऊक नाही, ते तेव्हा पाणी आणायला गेले होते. त्या दुपारी आम्ही वळणाकडे निघण्याआधी ती बाई मुलीला घेऊन न विचारताच जीपमध्ये चढली होती. लॅपटॉप गोधडीतून काढून बाजूला सरकवून तिने मुलीला तुझ्या गोधडीवर निजवलं होतं. मी दोघींना खाली उतरवलं.