‘तिसरी पाळी’च्या दौऱ्यांची ध्वनिमुद्रणे आणि बाकीची चीजवस्तू

मी, जयवंत दत्ताराम तोडणकर, वय वर्षे चौसष्ट, धंद्याने निवृत्त वायरमन आणि त्याच्याही आधीपासून बास गिटारवादक, राहणार घोडपदेव, मुंबई, मूळ गाव तालुका मालवण, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही आणि कुणी पाजलेलीही नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आमच्या गल्लीतल्या डॉ. प्रिती जाधव यांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ते मी बरोबर केले. आमच्या बँडच्या दौऱ्यांची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध करावीत की करू नयेत, हे मात्र त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर दाखला मिळाला नसता.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही असे सगळेच म्हणतात, पण ज्या कागदावर सही घेतात त्यावर काळजीची कारणेच छापलेली असतात. म्हणून शहाण्या माणसाने करावे ते करतो आहे.

कलम १. घोडपदेव येथील आमची खोली, जी पुनर्विकासानंतर सातव्या मजल्यावरचा फ्लॅट झाली, ती माझी पत्नी बकुळा हिला द्यावी. तिच्या पश्चात मुलगा अमित व मुलगी श्रेया यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. जुन्या खोलीत मधे फक्त पडदा होता. पडद्याच्या एका बाजूला मी बास वाजवायचो आणि दुसऱ्या बाजूला बकुळाच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. तिने एकदाही ‘बंद करा’ म्हटले नाही. ‘जरा हळू’ मात्र रोज म्हटले. बँकेत जे काही आहे तेही तिचेच.

कलम २. माझा सोल्डरिंगचा संच, मीटर आणि पक्कड दीपक कांबळे, राहणार अँटॉप हिल, यास द्यावी. हा आमचा ड्रमर. ती पक्कड त्याचीच आहे असे तो गेली कित्येक वर्षे सांगत आला आहे. ती त्याची नाही. तरी त्यालाच द्यावी, म्हणजे तो एकदाचा गप्प बसेल.

कलम ३. बास गिटार श्रेयाला द्यावी. अमितला देऊ नये. ‘ती विकून ट्रेडमिल घेऊया’ असे तो एकदा जेवताना म्हणाला होता. पुढे ट्रेडमिल त्याने स्वतःच्या पैशाने घेतली आणि आता तिच्यावर टॉवेल वाळतात. अमितवर माझा राग नाही, तो फार चांगला मुलगा आहे. पण गिटार नाही म्हणजे नाही. तसेच, गणपतीत आमचा कार्यक्रम रंगात आलेला असताना ‘आता भजन होईल’ म्हणून ज्या मंडळाध्यक्षांनी आमची वीज तोडली, त्यांना मी काहीही देत नाही. त्यांनी काही मागितलेलेही नाही, तरी नोंद असावी.

कलम ४. आता मुद्द्याचे.

‘तिसरी पाळी’ हा आमचा रॉक बँड. आमचे तिघांचेही बाप गिरणीत, म्हणून हे नाव. मी बास वाजवायचो आणि गाणी रचायचो, दीपक ड्रमवर, आणि गिटार घेऊन गायचा तो हितेंद्र घाडीगावकर, म्हणजे हितू. चौथा माणूस म्हणजे आमचा साउंडवाला तात्या. मुंबईत आम्हाला फारसे कुणी विचारले नाही, पण दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही कोकणात दौऱ्यावर जायचो. कणकवली, सावंतवाडी, देवगड, जत्रा असेल तिथे. आमच्या नावावर एकच अल्बम आहे. तो एका कंपनीने स्टुडिओत करून घेतला आणि इतका घासूनपुसून स्वच्छ केला की हितू तोंडात कापूस धरून गातो आहे असे वाटते. दौऱ्यांचे सगळे कार्यक्रम मात्र तात्याने कॅसेटवर उतरवून ठेवले आहेत. ते खोके माझ्या पलंगाखाली आहेत, आणि लोअर परळच्या एका स्टुडिओत काम करणाऱ्या श्रेयाने त्यातले बरेचसे संगणकावर चढवले आहेत. एका कंपनीला आता ते हवे आहेत.

तर ही ध्वनिमुद्रणे मी श्रेयाला देतो. तिने ती प्रसिद्ध करावीत.

दीपकचेही हेच मत आहे. तो म्हणतो, “अरे जया, स्टुडिओत मी हेडफोनमधल्या त्या ठेक्याच्या टिकटिकीचा नोकर होतो रे. दौऱ्यात मी मालक. एकदा लोकांना मालक ऐकव ना, यार.” हे खरे आहे. सावंतवाडीला त्याने एक गाणे संपूच दिले नाही. मी दोनदा शेवट केला, तो थांबेना. शेवटी हितूने तिथल्या तिथे नवे कडवे जुळवले, आणि ते आमच्या छापील कडव्यांपेक्षा सरस होते. ते फक्त त्या कॅसेटवर आहे.

कलम ५. वरचे कलम रद्द समजावे. ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध करू नयेत.

कार्यक्रम हा त्या दिवशीच्या, त्या मैदानातल्या माणसांचा असतो. जेवण झाल्यावर पत्रावळ कुणी घडी घालून कपाटात ठेवत नाही. शिवाय देवगडला हितू अर्धे गाणे विसरला होता, आणि कणकवलीच्या कॅसेटमध्ये ऐन गाण्यात “पांढरी मारुती कोणाची आहे, त्यांनी ती बाजूला घ्यावी” अशी घोषणा आहे. श्रेया म्हणते, हे सगळे काढता येते आणि बेसूर झालेला सूरही सरळ करता येतो. मग तो स्टुडिओच झाला की. तिथे आम्ही एकदा मेलो आहोत.

पण प्रसिद्ध न करण्याचे खरे कारण हे नव्हे. खरे कारण हितू आहे.

हितूच्या घशाला कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावे लागले. तो बरा आहे, लालबागला बाजारात जातो, मासळीचा भाव बोटांवर करतो, मोबाइलवर टाइप करून भांडतोसुद्धा. पण त्याला आवाज नाही. त्याचा खरा आवाज या जगात कुठे शिल्लक असेल तर तो माझ्या पलंगाखाली.

श्रेया सगळ्यात आधी त्याच्याकडेच गेली होती. तिने त्याला कणकवलीची सुरुवात ऐकवली. हितू घाडी घराण्यातला, त्याचे आजोबा गावात देवाला गाऱ्हाणे घालायचे. दौऱ्यावर आमचा प्रत्येक कार्यक्रम गाऱ्हाण्याने सुरू व्हायचा. हितू गिटार गळ्यात घालून हात जोडायचा आणि त्या गावच्या देवाला हाक मारायचा. प्रत्येक मागण्यानंतर सगळे मैदान ‘व्हय म्हाराजा’ म्हणून गरजायचे, आणि शेवटच्या गजरावर दीपक पहिला ठोका टाकायचा. श्रेया सांगते, काकांनी थोडेच ऐकले, संगणक स्वतःच्या हाताने बंद केला आणि मोबाइलवर लिहिले, “नको. जाळून टाक.”

का नको, ते लिहिले नाही. मग आम्ही प्रत्येकाने आपापले कारण शोधले. दीपक म्हणाला, गाऱ्हाणे त्या गावच्या वेशीबाहेर न्यायचे नसते म्हणून तो भितो आहे. बकुळा म्हणाली, “ज्याचो आवाज गेलो, तेकाच तो आवाज ऐकवतास? काय माणसा तुमी!” मला वाटले, तिथे त्याचा एक सूर खाली लागला आहे, म्हणून त्याला लाज वाटत असेल. विचारायला गेलो तर त्याने माझ्यापुढे चहा ठेवला आणि क्रिकेट लावले.

कलम ६. कलम ५ सुद्धा पूर्ण खरे धरू नये.

आमचे वकील अजित सावे यांनी इथवर वाचले आणि चष्मा काढून ठेवला. “काका, हे मृत्युपत्र आहे, मंडळाची वार्षिक सभा नाही. एक काय ते ठरवा.” मी म्हटले, ठरत नाही म्हणून तर तुम्हाला बोलावले. श्रेयाला दिले तर ती प्रसिद्ध करील आणि माझा जन्माचा मित्र दुखावेल. हितूला दिले तर तो जाळील. कुणालाच दिले नाही तर, श्रेयाच्याच शब्दांत, “बुरशी खाईल, बाबा. मग तुमचा प्रश्नच मिटला.”

शेवटी मी ठरवले की ज्याचा आवाज त्याचा माल. हितूला द्यावे आणि जाळले तर जाळले. साक्षीदार म्हणूनही मला तोच हवा होता. अजित म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे भानगड होते. दोन्हीपैकी एक निवडा.

गेल्या रविवारी दुपारी सगळ्यांना घरी बोलावले. अजित आले, डॉक्टरीणबाई आल्या, अमित आला, हितू आला. बकुळा आत घावणे घालत होती. मी हितूला विचारले, ध्वनिमुद्रणे घेतोस की साक्षीदार होतोस? त्याने लिहिले, “माका काय नको. साक्षीदार.” म्हणजे जाळण्याचा हक्कही त्याने सोडला. मी आणखीच गोंधळलो. म्हटले, मग निदान आज एकदा ऐक, आणि का नको तेवढे सांग. त्याने हो लिहिले नाही, पण उठूनही गेला नाही. श्रेयाने कणकवली लावली.

हितूचा तो आवाज आला. “बा देवा म्हाराजा! आज मुंबयसून तुजी लेकरा इली आसत, म्हाराजा!”

आणि पुढे काहीच नाही. नुसती खरखर.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तात्या मूळचा पूजेचे आणि लग्नाचे लाउडस्पीकर लावणारा. त्याच्या धंद्यात लोकांचा आवाज म्हणजे कालवा. तो माइकमध्ये शिरला तर स्पीकर शिटी मारतो, म्हणून लोकांकडे तोंड करून माइक ठेवायचाच नाही, हा त्याचा नेम. त्याने आम्हा तिघांच्या आणि निवेदकाच्या माइकच्या तारा थेट मिक्सरच्या पेटीतून कॅसेटवर घेतल्या होत्या. सगळ्या दौऱ्यांत. हजारो माणसे गरजली, त्यातला एकही आवाज कॅसेटवर नाही. आम्ही एवढी वर्षे आपापले वाजवणे ऐकत बसलो, हे कुणाच्या लक्षात आले नाही. कंपनीच्या आले असावे, कारण ‘प्रेक्षकांचा जल्लोष आम्ही घालू’ असे त्यांनी कळवले होते आणि मला त्याचे कौतुक वाटले होते.

हितूने मोबाइल माझ्यापुढे धरला. “माका वाटला, लोकांनी माका एकट्याक सोडल्यानी.”

श्रेया बंद करायला उठली. तेवढ्यात दुसरे मागणे आले. “आमच्या गिटारीक करंट लागाक नको, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” स्वयंपाकघरातून बकुळा ओरडली.

मी आत पाहिले. तिच्या हातात उलथणे होते आणि ती माझ्यावरच डाफरली, “बघतास काय? गाऱ्हाण्याक गप रवाक येता काय?”

“जो कोण लाइट घालवीत, तेका तू बघून घे, म्हाराजा!” यावर अमितसुद्धा ओरडला, ट्रेडमिलवाला अमित. उघड्या दारातून शेजारच्या कमलताई ओरडल्या, त्यांना तर आत काय चालले आहे हेही ठाऊक नव्हते. पुढच्याला अजित वकील आणि डॉक्टरीणबाई मिसळले, ते तर मालवणीही नव्हेत. आमच्या ओरडण्याला पुरेल एवढीच जागा प्रत्येक वेळी मधे रिकामी होती, कारण हितू त्या दिवशी मैदानाचे उत्तर येईपर्यंत थांबला होता. आता तो आमच्यात बसून स्वतःच्या मागण्यांना ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. ओठ हलत होते, छाती भरत होती, आवाज नव्हता. मग दीपकचा ठोका पडला आणि मी रडलो. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत असे अजित म्हणतात, पण मी रडलो.

गाणी संपेपर्यंत घावणे करपले. हितूने लिहिले, “भायरसून लोकांचो आवाज घालू नको. जागा तशीच ठेव. जो आयकतलो, तो भरीत.”

कलम ७. वरील ४, ५ व ६ मध्ये जे काही म्हटले असेल ते असो, शेवटचा शब्द हा. दौऱ्यांची सर्व ध्वनिमुद्रणे श्रेयाला द्यावीत व तिने ती जशीच्या तशी प्रसिद्ध करावीत. खालचा सूर खालीच राहावा, पांढरी मारुती राहावी. उसना जल्लोष घालू नये. गाऱ्हाण्यातली एकही रिकामी जागा भरू नये व कापूही नये. कंपनीला हे चालत नसेल तर कंपनी बदलावी. हे बरोबर आहे की नाही ते मला आजही नक्की ठाऊक नाही. देवाला सांगितलेले दुकानात ठेवावे का, हा दीपकच्या बोलण्यातून निघालेला प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे. पण रविवारचे मी कानांनी ऐकले आहे, आणि तेवढ्यावर सही करतो.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बकुळाने करावी. तिच्याशी वाद घालू नये. उपयोग होत नाही.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, मला समजले, आणि खाली नावे असलेल्यांच्या देखत मी त्यावर सही केली.

स्थळ: घोडपदेव, मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) जयवंत दत्ताराम तोडणकर

साक्षीदार

१. (सही) डॉ. प्रिती जाधव, घोडपदेव. यांनी माझ्यासमोर सही केली. नाडी जलद होती, शुद्ध पूर्ण होती.

२. (सही) हितेंद्र घाडीगावकर, लालबाग. याने माझ्यासमोर सही केली. गाणी त्याची, आवाज माझा. वाजवा.