दहापैकी तीन

४ फेब्रुवारी, मेडनहेड

अन्वीने दिले— दहापैकी तीन! त्या ओसाकाच्या बँडला! बारा वर्षांची असल्यापासून पॉवर मेटल म्हणजे पोरीचा जीव. सुसाट ड्रम्स, टिपेला जाणारी गायिका, तलवारी, ड्रॅगन. आता ब्रिस्टलला शिकता शिकता एका वेबसाइटवर रिव्ह्यू लिहिते. या बँडची नवी ईपी, म्हणजे छोटा अल्बम— पाच गाणी, बावीस मिनिटं. बाकी सगळीकडे आठ, नऊ. एकाने तर दहा.

राजीव टोस्टला लोणी लावता लावता म्हणाला, ‘‘तीन? तुझ्या कवितासंग्रहाला पाच तरी मिळाले होते!’’

मला मात्र लिखाण फार आवडलं. इंग्रजीत लिहिते, पण वाक्य तोडायची पद्धत माझी. ‘सगळं जागच्या जागी आहे. माझ्यापर्यंत काहीच पोचत नाही.’ किती नेमकं! लगेच मेसेज केला— ‘एकही शब्द जास्त नाही. शाबास.’

५ फेब्रुवारी

उत्तर आलं. ‘थँक्स आई.’ एवढंच.

७ फेब्रुवारी

खाली दोनशेच्या वर कमेंट्स. ‘कान तपासून घे.’ ‘बहिरीला रिव्ह्यू कोण देतं?’ एकाने लिहिलंय— ‘ही तर यांच्या लंडनच्या शोला थंडीत सहा तास रांगेत उभी होती माझ्यापुढे. हिला झालंय काय?’

फोन केला. उचलला नाही. लेक्चर असेल.

९ फेब्रुवारी

शेवटी ईपी स्वतः ऐकली. कोबी चिरताना लावली— नुसता गोंगाट असणार म्हणून. तिसऱ्या गाण्यात ती गायिका अशी काही वर गेली की सुरी खाली ठेवली. जपानीचा एक शब्द कळत नाही, आणि मी ओट्यापाशी रडतेय!

हे माझ्यापर्यंत पोचतं. तिच्यापर्यंत नाही?

पुन्हा रिव्ह्यू उघडला. या वेळी वाक्यं कशी आहेत ते बघितलं नाही. ‘गायिका हसत गातेय, हे ऐकू येतं. हसताना काय वाटतं, ते मला आता आठवत नाही.’ हे वाक्य मी राजीवला मोठ्याने वाचून दाखवलं होतं! कौतुकाने! सोमवारी माझ्या लेखनाच्या क्लासमध्ये मुलांना दाखवणार होते, उत्तम वाक्याचा नमुना म्हणून.

तिच्यासोबत राहणाऱ्या ईडनला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘ती आठ दिवस खोलीतच आहे. मी सूप दाराशी ठेवते. कधी घेते, कधी नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.’’

मला माहीत असायला हवं होतं. छापून आलं होतं.

राजीव गाडी काढतोय.

१० फेब्रुवारी, ब्रिस्टल

अन्वीच्या पलंगावर तिच्याशेजारी बसले. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, ‘‘आई, तुला आवडला ना माझा रिव्ह्यू?’’

‘‘ते राहू दे. तू बरी आहेस का?’’



‘‘नाही,’’ म्हणाली. आणि माझा हात धरला.