जमिनीपासून चार बोटं वर

सोमवार, ३ नोव्हेंबर

गाणं नुसतं घुमतंय! स्पीकर थेट जमिनीवर, त्यामुळे खोलीभर फरशी थरथरते आणि गाणाऱ्या बाईचे शब्द त्या गडगडाटात विरघळतात. हिला हल्ली कमी ऐकू येतं. शब्दच गढूळ असतील तर बिचारीने ऐकायचं काय?

संध्याकाळचं गाणं ही आमची दोघांची हक्काची वेळ. ही स्पीकरजवळ खुर्ची ओढते, डोळे मिटते — मग आम्ही घरात नसतोच, कुठेतरी तरंगत असतो. ती वेळ हातची जाता कामा नये.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली. मशीन धडधडलं की पायांखाली रबर सरकवायचं, हे हातांना पाठ. तोच इलाज इथे! टेनिसचे चेंडू आणले, मधोमध कापले. अर्धे तुकडे पालथे घालायचे, वर दगडी लादी, लादीवर स्पीकर.

ही दारातूनच — “या वयात चेंडू खेळताय?”

“गाण्याला चपला शिवतोय!”

खूप हसली. मी बोलताना अजून किती मन लावून माझ्या तोंडाकडे बघते! लग्न नवं असताना बघायची तशी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

जमलं! फरशीला हात लावला — गार, मुकी. गाणं सगळं हवेत. प्रत्येक सूर सुटा, धुतलेल्या द्राक्षासारखा. माझेच डोळे पाणावले.

“छान झालंय हो,” ही म्हणाली. आणि भाजी लागेल म्हणून उठून गेली.

रविवार, ९ नोव्हेंबर

लेक आली होती. “बाबा, बाई समोर उभी राहून गातेय! तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो!” माझी कॉलर ताठ. वळून बघतो तर हिची खुर्ची रिकामी. आत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

“आईचं लक्षच नाही हल्ली गाण्यात,” लेक म्हणाली. सहज म्हणाली. मला लागलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आजही एकटाच ऐकलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

चेंडू काढून जाड रबर घातलं. आणखी स्वच्छ! गाणं धुक्यासारखं घरभर पसरलेलं, आणि त्यातून मी एकटा चालतोय.

स्वयंपाकघरात जाऊन हिच्यासमोर उभा राहिलो. “माझा कंटाळा आला का गं?”

“काहीतरीच तुमचं!”

डोळे मात्र भरून आले तिचे. चुकलं कुठे? मशीन अख्खं खोलावं, सगळं जागच्या जागी असावं, आणि तरी टाका पडू नये — तसं झालंय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

शेवटी बोलली. “कानांनी ऐकणं केव्हाच संपलंय हो. तुमचा जीव तुटेल म्हणून गप्प होते. गाणं मला जमिनीतून यायचं — तळपायांतून वर, गुडघ्यांपर्यंत. तुम्ही ते उचलून ठेवलंत.”

स्पीकर खाली उतरवले. मीही अनवाणी, तिच्याशेजारी. गाणं लावलं. बाईचा आवाज माझ्या कानी पडायच्या आधीच ही म्हणाली, “आलं!”