नऊ गोलांचं कार्ड

बाबा, सध्या मी तुमच्यावर फार वैतागले आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, भांडायला समोर कोणी नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वैतागायला वेळ बरा मिळतो तुला. मिळतो. रिटायर झाले आहे मी.

तुमच्या कॉलेजच्या फुटबॉलपटूंची जुनी कार्डं मी जमवते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. सहा वर्षांपूर्वी जुन्या बाजारात खलबत्ता बघायला गेले होते. एका माणसानं चादरीवर गंजकी कुलपं मांडली होती आणि त्यांच्या शेजारी बुटाच्या नाडीनं बांधलेला एक गठ्ठा होता. पिवळ्या पुठ्ठ्याची, फुटबॉल लीगची ओळखपत्रं. प्रत्येकावर अंगठ्याएवढा फोटो, खाली नाव, कोपऱ्यात तुमच्या कॉलेजचा शिक्का. जिमखान्याचं कपाट कधीतरी रद्दीत निघालं असणार. तुम्ही त्या कॉलेजकडून खेळायचात एवढं आईनं सांगितलं होतं, पण घरात त्याचा एक फोटो नव्हता, कप नव्हता, काही नव्हतं. मी तिथंच उकिडवी बसून सगळा गठ्ठा चाळला. त्यात तुम्ही नव्हतात. तरी गठ्ठा घेऊन घरी आले आणि खलबत्ता राहिलाच.

मग सुरू झालं ते. तुमचं कार्ड कुठंतरी असणारच, अशी माझी खात्री होती. रद्दीवाले पालथे घातले. येरवड्याला तुमच्या टीममधल्या एका हाफबॅकच्या सूनबाईंनी दारातच सांगितलं, आम्ही जुनं काही ठेवत नाही, दिवाळीला सगळं काढून टाकतो. त्यात केवढा अभिमान होता त्यांना! जमवणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात निम्मे लोक सकाळी गुलाबाची फुलं पाठवतात आणि उरलेले निम्मे कोणाकडे काय आहे ते कळू देत नाहीत. या सगळ्यांतून मी एकेचाळीस कार्डं जमवली आणि एका वहीत लावली. साठ वर्षं ज्यांना कोणी विचारलं नाही अशा माणसांचे भांग मला पाठ झाले, आणि तुम्ही नाहीच. लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा, तुम्ही किती गोल मारलेत? तुम्ही पेपर खाली न घेता म्हणालात, "फुटबॉल खेळायचा असतो, त्याची पोथी वाचायची नसते." विषय संपला. तुमच्याशी बोलताना विषय फार लवकर संपायचे.

गेल्या वर्षी ग्रुपमधल्या एका आयटीतल्या मुलाशी मी अदलाबदल केली. त्याच्याकडे तुमच्या टीमच्या गोलकीपरचं कार्ड होतं, स्वच्छ, कुरळ्या केसांचा देखणा फोटो. माझ्याकडे पहिल्याच गठ्ठ्यातलं, त्याच टीमच्या एका फॉरवर्डचं कार्ड होतं. उंदरानं कोपरा खाल्लेला, चेहरा पुसट, त्यावर मिशी तेवढी ओळखू यावी. मी ते आनंदानं देऊन टाकलं. सौदा चांगला झाला असं वाटलं होतं.

गोलकीपरचं नाव वेगळं होतं, त्यामुळे शोधता आलं. ते बिबवेवाडीला राहतात, केस गेले आहेत, ऐकू नीट येतं. गेल्या महिन्यात त्यांचंच कार्ड त्यांना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून स्वतःकडे बराच वेळ बघितलं. मग कार्ड उलटं केलं आणि मागच्या रकान्यांवरून बोट फिरवत मला सांगू लागले की दर सामन्याआधी पंचासमोर इथं सही करायची, आणि सामना संपला की पंच समोर गोल लिहायचा. मी जाणकारासारखी मान हलवली. मग म्हटलं, काका, बाबांचं कार्ड सहा वर्षं शोधतेय, कुठंच मिळत नाही.

"मिळेल कसं?" ते म्हणाले. "तुझ्या बापाचं कार्ड काढलंच नव्हतं अगं."

तुम्ही त्या वर्षी गणितात नापास झाला होतात म्हणे. नापास मुलाच्या कार्डावर कॉलेज शिक्का मारत नसे. हे तुम्ही घरी आजोबांनाही सांगितलं नव्हतं. त्याच सुमाराला टीमचा फॉरवर्ड, मांजरी गावचा मुलगा, उसाच्या गाडीवरून पडून पाय मोडून बसला. त्याचं कार्ड तयार होतं, त्याचा पाय तयार नव्हता. तुमचं उलट होतं. मिशी दोघांना सारखीच. अख्खा मोसम तुम्ही त्याच्या कार्डावर खेळलात, आणि पुढं त्या कार्डाच्या जोरावर त्याला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. काका हे अगदी सहज सांगत होते, दुधाचा रतीब सांगावा तसं. मी विचारलं, मग बाबा काहीच बोलले नाहीत? तर म्हणाले, "आम्ही बोललो होतो की त्याला. तो म्हणाला, गोल मारताना मजा मला आली ना, मग कागद त्याला घेऊ दे."

बाबा, मजा? तुम्ही पस्तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलीत. चिठ्ठी असल्याशिवाय साधा वॉशर तुमच्या हातून सुटत नसे. एकदा मी तुमचा विसरलेला डबा घेऊन आले, तर तुम्ही आधी मला परत गेटवर पाठवलंत, रजिस्टरमध्ये सही करायला. स्वतःच्या मुलीला. वॉचमन ओशाळला, तुम्ही नाही. आणि हा माणूस दुसऱ्याच्या कार्डावर मैदानात उतरत होता!

बिबवेवाडीहून रिक्षानं परत येताना मला ते स्वयंपाकघर दिसत होतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रीण सिनेमाला गेली म्हणून मी तिच्या नावानं हजेरी दिली आहे आणि आईला ते रंगवून सांगते आहे. तुम्ही जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडताय. मान वर न करता तुम्ही म्हणता, "दुसऱ्याच्या नावानं उभं राहिलं की आपली हजेरी कुठंच लागत नाही." आणि मग चार दिवस माझ्याशी बोलत नाही. मला तेव्हा वाटलं होतं, किती हा शिस्तीचा बडेजाव. तुम्ही सांगत होतात ते स्वतःचं होतं, हे मला कसं कळावं? एक वाक्य पुढं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? चार दिवस गप्प बसण्याऐवजी चार मिनिटं बोलायचं होतं. या गोष्टीचा मला इतका राग आला आहे की तुमच्या फोटोला त्या दिवशी मी हार घातला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आयटीतल्या मुलाला फोन केला. म्हटलं, ते उंदरानं खाल्लेलं कार्ड परत देतोस का, बदल्यात गोलकीपर घे, वर आणखी चार घे. तो म्हणाला, "सॉरी काकू, ते माझं स्टार कार्ड आहे. सात मॅचमध्ये नऊ गोल! मी तर ते लॅमिनेटसुद्धा केलंय." लॅमिनेट. देशातलं साठ टक्के शहाणपण या शहरात आहे असं आपण समजतो, ते जातं कुठं कोणास ठाऊक. मग त्यानं विचारलं की या खेळाडूवर तो काहीतरी लिहितोय, तर मला त्यांची काही माहिती आहे का.

मांजरीचे ते गृहस्थ हयात आहेत. अंथरुणाला खिळले आहेत, असं काका म्हणाले होते. त्यांच्या घरात त्या मोसमाचं सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे म्हणे. ते नऊ गोल तुमचे आहेत, हे मला ओरडून सांगायचं होतं. फोन कानाला धरून मी खिडकीशी उभी होते, आणि मी म्हटलं, नाही रे, काही माहिती नाही.

त्यानं संध्याकाळी दोन फोटो पाठवले, पुढचा आणि मागचा. मागं सात सह्या आहेत. नाव त्यांचं, अक्षर तुमचं. आधी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग एकेक अक्षर तिला टांगायचं, ही तुमची पद्धत माझ्या प्रगतिपुस्तकांवर मी दहा वर्षं पाहिली आहे. मी फोटो मोठा करून प्रत्येक सहीवर थांबले, आणि मग रडले, आणि मग पुन्हा तुमच्यावर चिडले.

हे कुठं पाठवायचं नाहीच आहे, तर खरं लिहिते. तुमचा शब्द राखायला मी त्या मुलापुढं गप्प बसले, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगते आहे. तसं नाही. त्याला खरं सांगितलं असतं, तर त्यानं पहिला प्रश्न विचारला असता की काकू, मग तुम्ही ते दिलंत कसं. पाच वर्षं तुम्ही माझ्याच वहीत होतात, बाबा. मी नुसते चेहरे बघत होते. एकही कार्ड मी कधी उलटून पाहिलं नव्हतं.